उतरलेला ग

(समुद्रपूर. महिला भजनी मंडळाची खोली. नलू आणि रूपाली समोरासमोर, मधे पेटी.)

नलू : आता काऊन आली व माह्यापाशी? जाम गावच्या स्पर्धेसाठी पेटीवर आपल्या मंडळाच्या अध्यक्ष शोभाबाईनं तुलेच बसवलं ना? वाजव मंग.

रूपाली : वाजवतेय, नलूताई. पण बायांचा सूर लागत नाही. सगळ्या 'ग'वर घसरतात.

नलू : माह्या वाजवन्यावर अकरा वर्सं गायल्या. तवा नाई घसरल्या.

रूपाली : तेव्हा पेटीचाच ग उतरलेला होता, ताई. मी दुरुस्त करून आणली, म्हणून तर...

नलू : मोबाईलातल्या त्या अ‍ॅपनं सांगतलं ना तुले! तो सूर वाजवते, तू वळखते, तो शाबासकी देते. सहा महिन्यांत मोठी कानवाली झाली. अन् मी सासूचे बोल खाऊन, रोट्या टाकून तालमीले येत जाय, त्याचं काईच नाई.

रूपाली : रागावलात माझ्यावर?

नलू : राग कायचा? जळते मी. सरळ सांगते. शोभाबाई जिथं तिथं म्हन्ते, "रूपालीचा कान पाहा." माह्या कानाचं नाव कधी नाई निघालं तिच्या तोंडून.

रूपाली : रविवारी स्पर्धा आहे. पेटी पुन्हा होती तशी करून आणू? निदान सगळ्या एकसारख्या गातील.

नलू : अन् परीक्षक हसतीन ते? हे पाय माह्या मोबाईलमंधी.

रूपाली : अगंबाई, तेच अ‍ॅप! कधीपासून?

नलू : तू पेटी दुरुस्तीले नेलती तवापासून. म्हटलं, तुले खोटं पाडते. दहात चार येते.

रूपाली : चार काही वाईट नाहीत.

नलू : पन ग एकही नाई चुकत. पह्यल्या दिवशी खरा ग आयकला, तवाच कळलं. अकरा वर्सं बायाईले मीच खाली गायले लावलं. माह्यावर भरोसा टाकून गायल्या बिचाऱ्या.

रूपाली : तुम्हीच बसा पेटीवर. मी सांगते शोभाबाईंना.

नलू : दया नोको करू, अजून जळीन. पेटीवर तूच बस. मी बायाईत बसते, पुढं. ग आला का मोठ्यानं लावीन. माह्यामांगं यायची सवय हाय त्याईले.

रूपाली : आणि तुमचा चुकला तर?

नलू : तं मान हलवू नोको. शोभाबाई तुह्याचकडे पाहून राह्यते.