जमनीच्या झाडाला माझं ताक

तुम्ही माणसांवर जळता, मी तर एका झाडावर जळले होते. शहाद्यात आमच्या गल्लीत तेव्हा वीजही आली नव्हती आणि शेजारच्या जमनीच्या दारात उटीहून आणलेलं कॅमेलियाचं झाड होतं! फुलाला वास म्हणाल तर नावालाही नाही, तरी सगळी गल्ली तिच्याच दारात. त्याला तोरणमाळची लाल माती काय, उन्हाला ओलं गोणपाट काय! माझ्या मोगऱ्याकडे कुणी ढुंकून बघेना.

मुळाशी ताक ओतलं की झाड मरतं, असं सासूबाई म्हणायच्या. मग काय, दुपारी जमनी आडवी झाली की मी गुपचूप तांब्याभर आंबट ताक ओतून यायचे. महिनाभर ओतलं. मेलं झाड मरायचं सोडून कळ्यांनी लगडलं!

वैतागून मी ताक बंद केलं. चौथ्या दिवशी जमनी माझ्या दारात हजर, अंबाड्यात कॅमेलियाचं टपोरं फूल.

“काय वं बहीन, चार दिन व्हयनात, ताक नही लयनी? उटीना माळीनी सांगेल व्हतं, याले आंबट लागस. आनि मन्ही म्हैस तं आटेल शे!”