उलटा फिरणारा व्हॉल्व्ह

लेक: खरं सांगा. हात लावलात की नाही?

बाबा: कशाला?

लेक: तळघरातल्या व्हॉल्व्हला. बाबा, इकडे बघा माझ्याकडे. सबंध इमारतीचं पाणी गेलंय. अकरा वर्षं राहतेय मी या घरात, एक दिवस नळ कोरडा बघितला नाही. तुम्हाला येऊन तीन आठवडे होतायत आणि आज गेलं.

बाबा: योगायोग असेल.

लेक: आणि बाहीला ग्रीस लागलंय, तोही योगायोग?

बाबा: अगं ठमे, मी नुसता फिरवला. बंद करायचा म्हणून नाही. व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा मागे-पुढे करावा लागतो, नाहीतर जाम होतो. मी रोज फिरायला जाताना त्याच्याकडे बघतोय. बिचारा! त्याच्यावर धूळ बघितलीस का? बोटभर!

लेक: मग?

बाबा: मग काय, फिरवला, तर बंद होता होताच अडकला. पुढे जाईना, मागे येईना. माझी चूक नाही ती. ज्याने इतकी वर्षं हात लावला नाही त्याची आहे.

लेक: चाळीस वर्षं गावाला पाणी सोडलंत, आता माझ्या इमारतीचं बंद करा! बरोबर अकराला त्या ऑफिसात पोचायचंय आपल्याला. तुमची अंघोळ राहिलीये.

बाबा: त्याची काळजी नको. व्हॉल्व्हला हात लावायच्या आधी भरून ठेवलंय मी. एवढं कळतं मला.

लेक: काय भरून ठेवलंय?

बाबा: दोन बादल्या, टब, ते मोठे तीन टोप, कुकर, फुलदाणी...

लेक: फुलदाणीसुद्धा? बाबा, तिच्यातली फुलं कुठायत?

बाबा: कुकरमध्ये.

लेक: देवा! हसवू नका मला, मी चिडलेय. बसा इथे. जावई तुमचा खाली गेलाय मिस्त्रीला घेऊन, तो येईपर्यंत हे कागद उरकून घेऊ. तीन दिवस तुम्ही चष्मा शोधताय. हा घ्या चष्मा. हे पेन.

बाबा: कुठे सापडला?

लेक: तुमच्याच उशीखाली. तुम्हाला तो सापडायला नको होता, हे मला काय कळत नाही होय?

बाबा: आईवर गेलीयेस अगदी.

लेक: विषय बदलू नका. पुढच्या महिन्यात तुम्हाला सत्तर पूर्ण होतायत. सत्तरीनंतर हे लोक आईवडिलांचा नागरिकत्वाचा अर्ज घेत नाहीत. आजची वेळ गेली की संपलं. मग वर्षातून तीन महिने, पाहुणा म्हणून. एक दिवस जास्त नाही.

बाबा: तीन महिने म्हणजे काय कमी झाले? जास्त राहिलो तर तूच हाकलशील.

लेक: मी थट्टा करत नाहीये. मागच्या वर्षी चक्कर येऊन रस्त्यात पडलात. अँब्युलन्स किती वेळाने आली?

बाबा: आली असेल नंतर कधीतरी. मी थांबलो कुठे तिच्यासाठी? इस्त्रीवाल्याने नेलं की.

लेक: हातगाडीवर!

बाबा: गाडीवरचे कपडे तसेच होते, त्याने वेळ घालवला नाही. गरम गरम. काय झोप लागली मला! डॉक्टर म्हणाले, पेशंट आहे की धुणं?

लेक: आणि इथे त्या दिवशी तुम्हाला जरा कसंतरी झालं, तर सात मिनिटांत दारात गाडी. चार माणसं, मशीन, सगळं. अर्ध्या तासात रिपोर्ट.

बाबा: मी कुठे नाही म्हणतोय? उत्तम माणसं. माझं नाव मात्र चौघांना वाचता येईना. शेवटी त्यांनी माझ्या मनगटाला नंबर बांधला.

लेक: नंबर बांधला, पण वाचवलं ना?

बाबा: वाचवलं. बस मिनिटाला येते, दिवे जात नाहीत, फुटपाथवर माणूस चालू शकतो. ऑफिसात गेलं तर कोणी 'साहेब जेवायला गेलेत' म्हणत नाही. मला दिसतं सगळं, ठमे. आंधळा नाहीये मी.

लेक: मग अडलंय कुठे?

बाबा: या तिसऱ्या पानावर. वाच तूच.

लेक: 'मी माझ्या आधीच्या देशाशी असलेलं सर्व नातं स्वेच्छेने आणि कायमचं सोडत आहे.' बाबा, हा नुसता ठरावीक मजकूर असतो. सगळ्यांना तोच देतात. इथे दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही म्हणून.

बाबा: आणि खाली बारीक अक्षरात?

लेक: 'ही घोषणा मागे घेता येणार नाही.'

बाबा: बघ. बंद झाला की उघडत नाही. असला व्हॉल्व्ह मी आयुष्यात कुठे बसवू दिला नसता.

(जावई येतो. शर्टावर गंजाचे डाग, चेहरा खुललेला.)

जावई: सुटला! बाबा, मिस्त्री तुमच्याबद्दल विचारतोय. म्हणाला, चौदा वर्षांत या व्हॉल्व्हला कोणी हात लावलेला नाही. उद्या पाइप फुटला असता तर बंदच झाला नसता, तळघर बुडालं असतं. त्याला तुमच्याशी हात मिळवायचाय.

बाबा: ऐकलंस?

लेक: अहो, तुम्ही यांना आणखी चढवू नका.

जावई: अगं, बाहेर जिन्यात ये जरा. जत्रा भरलीये. चौथ्या मजल्यावरच्या आजी बाळाच्या दुधाची बाटली धुवायला पाणी मागत होत्या, मी खाली जातानाच आपल्याकडचा एक टोप दिला. दुसऱ्या मजल्यावरचा तो उंच माणूस, तो दात घासता घासता तसाच बाहेर आलाय, त्याला फुलदाणी दिली. माहितेय, तो वाद्यं दुरुस्त करतो! अकरा वर्षं आपण त्याला लिफ्टमध्ये मान हलवतोय.

लेक: फुलदाणीतून त्याने चूळ भरली?

जावई: आणि आभार मानले. पाणी येईल पाच मिनिटांत, मिस्त्री हळूहळू सोडतोय. बाबा, त्या आजी रिकामा टोप परत द्यायला येणारेत. तुम्हाला बघायचंय म्हणाल्या.

बाबा: येऊ दे. मी दाढी करून घेतो.

लेक: तुम्ही कुठेही जात नाही. बसा. आणि अहो, तुम्ही जरा बाकीचे टोप वाटून या. आम्हाला बोलायचंय.

जावई: अजून सही नाही? बरं बरं. जातो.

लेक: बाबा.

बाबा: बोल.

लेक: काय ठेवलंय हो तिकडे? आई नाही. घराला ओल आलीये. एक दिवसाआड पाणी, तेही तासभर. साधा दाखला काढायला चार खेपा. देश नवा झाला त्या पहिल्या वर्षी आपल्याकडे शिक्कासुद्धा नव्हता. जुन्या शिक्क्यावरचं नाव ब्लेडने खरवडून तोच मारायचे. माझ्या शाळेच्या दाखल्यावर नुसताच गोल आहे, मध्ये काही नाही! इथल्या ऑफिसातल्या बाईने तो कागद दहा वेळा उलटसुलट करून बघितला.

बाबा: तो गोल मारायच्या आधी त्या कारकुनाने दोनदा हात पुसले, माहितेय? नवीन देशाचा पहिला दाखला म्हणून. मी समोर उभा होतो.

लेक: तुम्ही सगळीकडे उभे असता.

बाबा: होतोच. तेव्हा तू अकराची होतीस. पहिल्या दिवसाचं काय आठवतं तुला?

लेक: शाळेला सुट्टी होती. आणि पाणी आलं नव्हतं.

बाबा: हां! जुन्या सरकारचे इंजिनियर आदल्या दिवशी गेले, जाताना पाइपांचे नकाशे घेऊन गेले. का नेले कोण जाणे, त्यांना त्याची भाजी करायची होती? राहिलो आम्ही चार चावीवाले, व्हॉल्व्ह फिरवणारे. कागद नाही, साहेब नाही. सकाळी सगळे व्हॉल्व्ह उघडले, आणि आपल्याच भागात पाणी नाही. लोक चौकात जमले. एकजण म्हणाला, झाला देश, आता प्या झेंडा धुऊन.

लेक: नऊ नंबर.

बाबा: नऊ नंबर, शाळेमागचा. बसवणाऱ्याने उलटा बसवलेला. आम्ही उघडतोय म्हणून जोर लावत होतो आणि आवळत होतो. मी पाइपाला कान लावून झोपलो रस्त्यात. तेव्हा कळलं, आणि उलटा फिरवला.

लेक: आणि लाल पाणी आलं.

बाबा: गंजाचं! गुडघाभर गंज आला असेल आधी. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या लाल पाण्याला. तुझ्या आईने बाटलीत भरून ठेवलं होतं.

लेक: फडताळात. मला हात लावू द्यायची नाही.

बाबा: ठमे, इथला देश फार चांगला आहे. पण तो तयार मिळालाय. त्याचा व्हॉल्व्ह कोण फिरवतो ते दिसत नाही, फिरवावा लागतो हेही कोणाला माहीत नाही. आपला वाईट आहे, गळका आहे, पण मी तो कच्चा असताना बघितलाय गं. कान लावून. त्याच्याशी माझं काही नातं नाही असं मी कसं लिहू? मरायला इथे येईन हवं तर. लिहून नाही देणार.

लेक: मरायच्या गोष्टी करू नका! मला भीती वाटते, कळतंय का तुम्हाला? फोन वाजला की आधी तिकडचा नंबर आहे का ते बघते. मी इथे इतकं सगळं उभं केलं, आणि माझा बाप तिकडे इस्त्रीवाल्याच्या भरवशावर.

बाबा: चांगला माणूस आहे तो.

लेक: माहितेय मला चांगला आहे! तोच तर प्रश्न आहे. त्याने तुम्हाला नेलं, मी नाही नेलं.

बाबा: ये इकडे. ये. रडतेस काय वेडाबाई. डोळे पूस, तिसरं पान ओलं होईल.

लेक: होऊ दे.

बाबा: एक विचारू? राग नाही ना येणार?

लेक: विचारा.

बाबा: नऊ वर्षांपूर्वी तूही हेच लिहून दिलंस. मी कधी बोललो नाही. तुझं बरोबरच होतं, तुझं घर इथे, नोकरी इथे. पण काय वाटलं गं तेव्हा?

लेक: काही नाही. हॉल होता मोठा. साठ-सत्तर माणसं. सही केली, फुलं दिली, फोटो काढला.

बाबा: आणि मग?

लेक: मग घरी आले. हे कामावर होते. मी पर्स ठेवली आणि... सांगू नका कोणाला.

बाबा: नाही सांगत.

लेक: पाणी भरलं. बादल्या, टोप, पेले, जे दिसेल ते. नळ चालू, चोवीस तास पाणी, आणि मी भरतेय. हे आले संध्याकाळी, तर पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणाले, पाणी जाणारे का? मी म्हटलं, हो.

बाबा: गेलं नसेल.

लेक: कुठलं जातंय. दोन दिवस तेच वापरत बसलो. यांनी एका शब्दाने विचारलं नाही.

बाबा: गुणी आहे जावई. मी उगाच म्हणतो त्याला चहा येत नाही म्हणून.

लेक: चहा येतच नाही त्यांना. बाबा, द्या तो कागद.

बाबा: काय करतेस?

लेक: फोन करते ऑफिसात. येत नाही म्हणून सांगते. इथे न कळवता गैरहजर राहिलं की वाईट दिसतं.

बाबा: रागावून नाही ना?

लेक: रागावलेय. खूप रागावलेय. पण तुमच्याकडून असलं लिहून घेऊन मी कुठल्या नळाचं पाणी पिणार होते? वर्षाला तीन महिने यायचं. पूर्ण तीन. ऐंशी दिवसांवर 'व्हॉल्व्ह बघायचेत' म्हणून पळायचं नाही.

बाबा: नव्या पोरीला शिकवलं की येतो. माझ्या जागी लागलीये ना ती, हुशार आहे. पण नऊ नंबरला अजून गोंधळते. नकाशात लिहा म्हणते, म्हणजे विसरायला होणार नाही. तेवढं राहिलंय माझं.

लेक: आणि फोन उचलायचा. पहिल्या रिंगला.

बाबा: पाणी आलेलं असताना कसा उचलणार? तासभर तर मिळतो.

लेक: तेव्हाच करणार मी. तिकडे पाणी येतं सकाळी सहाला, इथे तेव्हा माझी दुपारची सुट्टी असते.

बाबा: भरता भरता बोलू काय तुझ्याशी? एका हातात बादली, एका हातात फोन. काय बोलणार आहेस दर वेळी?

लेक: काही बोलू नका. नुसता नळाजवळ धरा.