खिडकीवरची चिठ्ठी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय सुंदरराव, प्रमुख पाहुण्या मुख्याध्यापिका वनमालाताई, संचालक मंडळी, समोर बसलेले वाचक, बाया आणि मुली, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो ती रोहिणी, सगळ्यांना गीताबाईचा नमस्कार.

मी वडवणीच्या या वाचनालयाच्या खिडकीवर एकोणीस वर्षं बसते. शिक्षण सातवी. बाकीचं या कपाटांतून घेतलं. त्यामुळे कॉम्प्युटरवर बोलायचा मला काय अधिकार, असं कुणाला वाटेल. वाटू द्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या मुलींचा दहावीचा अभ्यास बुडू नये म्हणून रोहिणीनं मोबाइलवर पेपर सोडवायची साइट बनवली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पहिल्या महिन्यात काय झालं ते थोड्यांनाच माहीत. साइट तिच्या लॅपटॉपवरच चालू होती. शनिवारी ती लॅपटॉप पिशवीत घालून गेवराईला घरी गेली, आणि उसाच्या फडावरच्या कोपीतून, म्हणजे पाचटाच्या झोपडीतून, दहावीतल्या सायलीचा मला फोन आला.

"काकू, पान उघडंना. सर्व्हर डाऊन हाय का?"

सुंदरराव शेजारीच होते. म्हणाले, "गीताबाई, लॅपटॉपसंगं वाचनालय बी एसटीत बसून गेलं का काय?"

हसू नका, तसंच झालं होतं. लॅपटॉपवर चालवणं हे फक्त करून बघण्यापुरतं असतं. मग रोहिणीनं भाड्याचा सर्व्हर घेतला, कायम चालू राहणारा. पण जानेवारीत तो मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि सायलीच्या मोबाइलवर आलं, पाचशे दोन, बॅड गेटवे. म्हणजे काय? मी रोहिणीला विचारलं. ती म्हणाली, "काकू, दारावरचा उभा हाय, पण आतला उत्तर देत न्हाई."

मला पुढचं सांगावं लागलं नाही.

माझे यजमान अजिनाथ या वाचनालयात आत कपाटांपाशी असायचे. मी खिडकीवर. वाचक माझ्याकडे यायचा. वर्तमानपत्र हवं असेल तर ते माझ्या टेबलावरच असायचं, मीच द्यायची. पुस्तक हवं असेल तर चिठ्ठी लिहून आत सरकवायची. ते शोधून द्यायचे, मी वाचकाच्या हातात ठेवायची. त्या भाड्याच्या सर्व्हरवर दारात उभा असतो तो वेब सर्व्हर म्हणजे ही खिडकी. ठेवलेली चित्रं, फायली तो स्वतःच देतो. कोणत्या मुलीनं कोणता पेपर सोडवला, गुण किती, असं डोकं लागणारं काही आलं की आत पाठवतो. आत फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, बांधलेला रोहिणीचा प्रोग्राम बसलेला असतो.

अजिनाथ गेले त्याला सहा वर्षं झाली. तेराव्यानंतर पहिल्या दिवशी मी सवयीनं चिठ्ठी आत सरकवली आणि उभी राहिले. वाचक म्हणाला, "ताई, राहू द्या, उद्या येतो." तर पाचशे दोन म्हणजे काय ते मला असं माहीत आहे.

त्यावर मी रोहिणीला एवढंच विचारलं, "आतला पडला तर त्याला उठवायला कोण?" तिनं त्याची सोय केली. आता प्रोग्राम पडला किंवा सर्व्हर बंद होऊन सुरू झाला, तर सर्व्हरवरच बसवलेला एक पहारेकरी प्रोग्राम त्याला आपोआप उभा करतो. माणसांसाठी अशी सोय अजून निघाली नाही, असो.

मला त्यात सगळ्यात आवडली ती चिठ्ठी. खिडकी कुणी बांधली, आत कोण बसलंय, याला महत्त्व नाही. दोघांमधल्या चिठ्ठीचा नमुना ठरलेला असतो. नाव, नंबर, काय हवं. अजिनाथ गेल्यावर मीच आत बसायला शिकले ते त्या चिठ्ठ्यांवरूनच. नमुना तोच होता.

आता मुद्द्याचं. रोहिणीला पुण्याची नोकरी लागून दोन महिने झाले. दोनदा तिनं तारीख पुढं ढकलली. वनमालाताई रागावल्या, तर म्हणाली, "मॅडम, मी गेल्यावर ऐन परीक्षेत बंद पडलं तर? सायली कुणाला फोन लावील?" कंपनीनं शेवटची तारीख दिलीय, सोमवार. आणि ही पोरगी कालपर्यंत म्हणत होती, "न्हाई जमलं तर नोकरी सोडून देते."

रोहिणी, आज सकाळी दहा वाजता तू समोर चहा पीत होतीस, तेव्हा साइट बंद होती. मीच बंद केली. पहारेकऱ्यालाही बाजूला बसवलं. मोबाइलवर पाचशे दोन आलं ते डोळ्यांनी बघितलं, मग तू वहीत लिहून दिलेल्या क्रमानं प्रोग्राम उभा केला, पहारेकरी जागेवर आणला. चार मिनिटं लागली. सव्वादहाला सायलीचा गणिताचा पेपर आला. तिला काही कळलं नाही, आणि तुलाही नाही.

आता उद्याची गाडी पकड, बाई.

अध्यक्षांनी बोलायला वेळ दिला, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सगळ्यांची आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि त्या चार मिनिटांत कुणाचं पान उघडलं नसेल, तर त्यांनीही मला माफ करावं. खिडकीवर मी आहे. आतही मीच आहे.