दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

काढते, काढते हे कानावरचे हेडफोन — थांब, केसांत अडकलेत. हां. आता विचार. रेकॉर्डमधलं ते गुरगुरणं? ती गिटारच गं पोरी. चोलाचे बाबा — माझा नवरा — दिवसभर तांब्याच्या खाणीत ड्रिल धरायचे आणि संध्याकाळी तोच आवाज गिटारीतून काढत बसायचे. पायाखाली एक डबी असायची, ती दाबली की गिटार घसा बसल्यासारखी ओरडायची. मी म्हणायचे, खाण घरी कशाला आणता? तर म्हणे, तिथे ती मला हलवते, इथे मी तिला हलवतो. पंच्याहत्तर साल ते — आमच्या कित्वे शहरातच काय, अख्ख्या झांबियातली पोरं वेडी झाली होती त्या आवाजापायी. बेलबॉटम घालून भर उन्हात रांगा. आणि मी? चोलाला पाठीला बांधून बाजारात टोमॅटो विकत होते.

ती घुमत जाणारी बाईची हाक? गायिका कसली — मीच ती. लुसाकाला रेकॉर्डिंग होतं, मीही पोराला घेऊन सोबत गेले होते. चार दिवस झाले, पोर तापलेलं, मी दार ढकललं आणि ओरडले — चोलाचे बाबा, बस सुटतेय. टेप चालू होती. ह्यांनी ती हाक ठेवली, घुमवली, वीसदा. पोराला घेऊन मी एकटीच घरी आले बसने. मग रेकॉर्ड निघाली, तर प्रत्येक बिअर हॉलमध्ये मी ओरडतेय. बाजारातल्या बाया विचारायच्या, "काय चोलाची आई, मिळाली का बस?" मी तरी किती दिवस हसायचं? पोर घेतलं आणि कासामाला आईकडे गेले. ते न्यायला आले, दोनदा. दोन्ही वेळा मी आतून कडी लावली. नंतर आले नाहीत — नंतर तो एड्सचा आजार आला, ह्यांच्या बँडमधल्या पाचांतले चार त्यातच गेले, हेही. मी परत आले ती मातीलाच.

त्यानंतर ही रेकॉर्ड ऐकली ती आज, तू लावलीस म्हणून. आणि आमच्या त्या डबड्या प्लेअरवर एवढं बारीक ऐकूही आलं नसतं म्हणा — हाकेनंतर, अगदी खाली, गिटारीच्या मागे... तू वहीत काय लिहिलंयस तिथे? पुटपुट? हं. तुला आमची बेम्बा भाषा कुठे येते. "आलो गं, एवढं संपवू दे" — असं म्हणतायत ते. आणि मी तोवर जिना उतरले होते.

नाही, खोडू नकोस. पुटपुटच राहू दे. तुमच्या देशात ही रेकॉर्ड पुन्हा काढताय, काढा — लोकांना काय करायचंय ते काय म्हणाले त्याच्याशी.

जा आता. नाही — ते मशीन राहू दे इथे. उद्या ने.