शिंगराच्या पोटातला गोळा

...आता तुम्हीच सांगा, लीद ही काय माणसानं डोळे लावून वाट बघायची गोष्ट हाय? पण भिवंडीतल्या केसरीनाथनं बघितली! त्र्याहत्तर सालची गोष्ट. मोडलेल्या सर्कशीतलं बुटक्या जातीचं शिंगरू त्यानं घरी आणलेलं, सहा महिन्यांचं, बकरीएवढं! मूलबाळ न्हाय, नवरा-बायको त्यालाच लाडानं गूळ भरवायचे...

एका सकाळी बघतो तर शिंगरू उठतंय, बसतंय, मान वळवून आपल्याच पोटाकडं बघतंय, जसं काय आतून कुणी हाक मारतंय! मग धाडकन लोळलं, चारी पाय वर. आणि लीद? लीद न्हाय!

शेजारचे दाजी आले. दाजींना सगळं कळतं. "दिष्ट लागली. मिरच्या ओवाळा." केसरीनाथच्या बायकोनं, धोंडूबाईनं, ओवाळल्या. अख्खी गल्ली खोकली... पण लीद न्हाय! मागं कापडाचे लूम चालवणारे सुलेमानचाचा भिंतीवरून म्हणाले, "गॅस है भाई, दौडाओ!" दौडवणार कसं? पाय लटपटतायत! दुपारी पोट नगाऱ्यासारखं फुगलं. केसरीनाथनं कान लावला, आणि तुम्हाला सांगतो... भिंतीपलीकडं लूम खटाखट, खटाखट... आणि पोटात चिडीचूप.

जनावरांचे डॉक्टर आले. "आतडं तुंबलंय. काय खाल्लं यानं?" केसरीनाथची नजर भिंतीकडं गेली. चाचांनी भिंतीवरून अलीकडं टाकलेल्या टाकाऊ सुताचा ढीग, अर्धा चघळलेला! मग नाकातून नळी, तेल, मागून साबणपाणी... "संध्याकाळपर्यंत सुटलं तर सुटलं. नाहीतर पोट फाडायचं, आणि एवढासा जीव त्यात टिकणं कठीण."

धोंडूबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "टाक रे माझ्या लेकरा..." लीद न्हाय! शिंगरू कण्हत होतं, मग कण्हायचंही थांबलं. दाजींनी हळूच टोपी काढली. केसरीनाथ ओरडला, "टोपी घाला, दाजी! अजून हाय ते!"

उन्हं उतरताना शेपूट हललं. आणि पडला! सुताचा काळा, ओला गोळा, लिंबाएवढा, आणि मागोमाग लीद! केसरीनाथ त्या लिदीपुढं ढसाढसा रडला. दाजी म्हणाले, "बघा, मिरच्या लागू पडल्या!"

दुसऱ्या दिवशी केसरीनाथ चाचांकडं गेला. "चाचा, सूत उधर मत डालो." "तो किधर डालूँ? पूरी भिवंडी में सूत ही सूत है!" खोटं काय त्यात? शेवटी मन घट्ट करून त्यानं शिंगरू जवळच्या पूर्णा गावी नेलं, धोंडूबाईच्या भावाकडं. तिकडं शेत, गवत, मोकळी हवा! मेव्हणा राघो हसतच सामोरा आला: "बरं झालं आलात, भावजी! बघा तरी... गोठा रिकामा केला, दोन लूम बसवले!"

गोठ्याच्या दारातच सुताचा ढीग! केसरीनाथनं शिंगराचं तोंड दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तसाच उभा राहिला... सोडायचं कुठं, सांगा!