मॅनलिकर की मॉझर

हेमलता : अप्पा, बारापर्यंत रविकुमारच्या बंदुकांच्या दुकानात एक रायफल विकायला पोचवायचीय. परवाना माझ्या नावावर करताना कचेरीत स्पष्ट सांगितलं, वारसाला एकच ठेवता येईल. तुम्ही तीन दिवस नुसते दोन्हींवरून हात फिरवताय.

हंबीरराव : मॅनलिकर दे त्याला. मॉझर राहू दे.

हेमलता : उलटं तर नाही म्हणत? अशी मॅनलिकर आता बेंगळूरात तीन-चार घरांत असेल, म्हणाला रविकुमार. पन्नास वर्षं झाली तरी बोल्ट लोण्यासारखा सरकतो. मॉझरचा दस्ता चिरलेला, त्यात तिची सेफ्टी...

हंबीरराव : सेफ्टीचं काय म्हणाला?

हेमलता : चाप अडवणारी ती कळ झिजलीय. लावलेली दिसते, पण स्वल्प धक्का बसला की सुटते. फार जुना दोष आहे म्हणे. माझ्या घरी दोन मुली आहेत, अप्पा. असली वस्तू मी का ठेवू?

हंबीरराव : म्हणूनच ठेव. परक्याच्या हातात जायला नको.

हेमलता : मग कचेरीत जमा करू. तिथं तोडून टाकतात.

हंबीरराव : तुझी आई तोडू देईल?

हेमलता : नाही देणार. दसऱ्याला पहिलं हळद-कुंकू ती मॉझरलाच लावते, जयसिंगमामाचा शेवटचा हात तिला लागला म्हणून. अप्पा... फार जुना म्हणजे किती जुना? मामा गेला तेव्हाही होता?

हंबीरराव : दार लोटून घे.

हेमलता : आई परसात आहे. सांगा.

हंबीरराव : बासष्ट साल. आनेकलकडच्या शेतकऱ्यांनी बोलावलं होतं, रानडुकरं नाचणी लोळवत होती. आम्ही दोघं निघालो. याच टेबलावर दोन्ही ठेवलेल्या. जयसिंगनं मॅनलिकर उचलली. मी म्हटलं, ती माझी, तू मॉझर घे.

हेमलता : आणि सेफ्टी?

हंबीरराव : ठाऊक होतं मला. महिनाभर आधी माझ्याच हातून सुटली होती, गोळी मातीत गेली. दुरुस्तीला टाकायची राहिली. त्याला सांगितलं असतं तर त्यानं मॅनलिकर सोडली नसती. एका दिवसाचं काय, असं वाटलं. बोललो नाही.

हेमलता : आम्हाला एवढंच सांगितलं होतं, मचाणावरून उतरताना बार उडाला.

हंबीरराव : मी खाली उतरलो होतो. तो वरून मॉझर माझ्या हातात देत होता. दस्ता माझ्याकडे, नळी त्याच्याकडे. फांदीला अडकली. मी जरा ओढली.

हेमलता : बत्तीस वर्षं आईला सांगितलं नाहीत?

हंबीरराव : त्याला घरी आणला त्या दिवशीच तिनं विचारलं, मॅनलिकरचं वेड असलेल्या माणसानं मॉझर कशी घेतली? माझ्या तोंडून निघून गेलं, त्यानंच हट्टानं मागितली. पुढं मॉझर विकावी तर तुझी आई ‘का?’ म्हणून विचारणार. ठेवावी तर रोज डोळ्यांसमोर. शिकार बंद झाली, मला सुटल्यासारखं वाटलं. पण मॉझर काही कपाटातून गेली नाही.

हेमलता : आणि आता माझ्या कपाटात येणार.

हंबीरराव : तू सांग तिला. माझ्याच्यानं नाही होत.

हेमलता : सांगितलं, आणि ती म्हणाली या माणसाबरोबर एक दिवस राहणार नाही, मग? सत्तरीला आलीय. जाईल कुठं? तुमच्याकडं कोण बघेल? हे मला आज कशाला सांगितलंत, अप्पा? मी नुसती सही करायला आले होते.

हंबीरराव : तू विचारलंस.

(अहल्याबाई परसातून आत येतात.)

अहल्याबाई : ठरलं का? ऑटोवाला केव्हाचा फाटकात उभा आहे.

हेमलता : मॅनलिकर देतोय, आई. मॉझर मी ठेवते.

अहल्याबाई : सरी, तसं करा. मला वाटलं, किमती तेवढी ठेवाल. हेमा, एक विचारू? त्या सकाळी तू इथंच खेळत होतीस, सहा वर्षांची. मी आत दशम्या बांधत होते. जयसिंगानं स्वतःहून मागितली होती ना मॉझर? तुला आठवत असेल तर सांग. इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणते.

हंबीरराव : अगं, ती लहान...

अहल्याबाई : तुम्हाला नाही विचारलं.

हेमलता : आठवतं, आई. त्यानंच मागितली.