जिना बिघडलेला आहे

(सप्टेंबर १९५६. सुएझ कालव्याच्या तोंडाशी, पोर्ट सईदजवळ नांगरलेल्या ब्रिटिश मालवाहू जहाजाचं सुकाणूघर.)

कप्तान हॅलम : ते सगळं ठीक आहे. पण जहाज कालव्यातून नेणारा खरा पायलट कधी येणार?

लबीब : आलाय. दोरीच्या शिडीवरून चढून, विजार भिजवून तुमच्यासमोर उभा आहे.

हॅलम : आमचा खाली सोडायचा जिना बिघडलाय.

लबीब : परवा दुसऱ्या ब्रिटिश जहाजाचाही बिघडला होता. जिन्यांची साथच आलीय वाटतं.

हॅलम : मिस्टर लबीब, इतकी वर्षं मी इथून जातोय. पायलट इंग्रज असतो, नाहीतर फ्रेंच.

लबीब : कालवा आमच्या सरकारनं ताब्यात घेतला आणि ते सामान बांधून गेले. जाताना म्हणाले, दोन दिवसांत सगळं ठप्प होईल.

हॅलम : मग?

लबीब : दोन दिवस होऊन गेले की!

हॅलम : एवढं मोठं जहाज नेलंयत कधी?

लबीब : नाही.

हॅलम : निदान खरं तरी बोलता.

लबीब : खोटं कशाला बोलू? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हे जहाज रुतलं तर मागची सगळी रांग अडकेल. लंडनमध्ये टाळ्या पडतील. मग 'यांना झेपत नाही' म्हणत तुमच्या युद्धनौका आमच्या दारात. माझं घर बंदराला लागून आहे, कप्तान. दोन मुली आहेत मला. तुमच्या जहाजाची काळजी तुमच्यापेक्षा मला जास्त आहे. नांगर उचला.

हॅलम : आणि नाही उचलला तर?

लबीब : तर बाजूला व्हा. मागे नॉर्वेचं जहाज खोळंबलंय, त्याला घाई आहे.

हॅलम : ...उचला रे नांगर!

लबीब : सुकाणी, नाकासमोर चल. अगदी हळू. गाव कुठलं तुझं?

सुकाणी : दाभोळ, साहेब. हिंदुस्थान.

लबीब : तुमच्याकडूनही गेले ना हे लोक?

सुकाणी : गेले की. केव्हाच.

लबीब : मग, बुडालं काही?

सुकाणी : सुकाणू तेव्हाही माझ्याच हातात होतं, साहेब.

हॅलम : दाऊद, तोंड बंद ठेव! चहा घ्या, पायलट. सकाळपासून उभे आहात.

लबीब : ठेवा तिथे. वारा वाढलाय.

सुकाणी : साहेब, शेपूट काठाकडे ओढलं जातंय! नाक डावीकडे चाललंय!

हॅलम : इंजिन मागे! पूर्ण मागे!

लबीब : मागे नको! सुकाणू उजवीकडे, पूर्ण. इंजिन पुढे, एकच जोर द्या.

हॅलम : पुढे? समोर काठ दिसतोय, डोळे आहेत ना?

लबीब : मागे घेतलंत तर आडवं होईल, दोन्ही काठांत अडकेल.

सुकाणी : कुणाचं ऐकू, साहेब?

लबीब : कप्तानांचं. जहाज त्यांचं आहे. पण मग कप्तान, कालवा कुणी बंद केला, ते जगाला तुम्हीच सांगायचं.

हॅलम : ...पायलट म्हणतो तसं कर.

सुकाणी : उजवीकडे, पूर्ण! ...येतंय, साहेब. ...आलं. सरळ झालं!

लबीब : इंजिन हळू. आता द्या तो चहा.

हॅलम : गार झालाय. भ्यालात ना मघाशी?

लबीब : भ्यालो होतो. अजून भ्यालेलाच आहे. पण सुएझ बंदर येईपर्यंत इथून हलणार नाही.

हॅलम : मी तुम्हाला जा म्हटलेलं नाही.

लबीब : सकाळी म्हटलं होतंत.

हॅलम : ...दुसरा चहा सांगतो.

लबीब : साखर जास्त घालायला सांगा.

(कित्येक तासांनंतर. कालव्याचं दुसरं टोक.)

सुकाणी : साहेब, सुएझ! पायलटला न्यायला होडी आलीय.

हॅलम : दाऊद, खाली सांग, जिना सोडा म्हणावं.

लबीब : बिघडला होता ना?

हॅलम : दुरुस्त झाला.

लबीब : राहू द्या. चढलो तसा उतरेन. मागे तुमची आणखी जहाजं येताहेत, त्यांना तेवढं कळवा. जिने आधीच दुरुस्त करून ठेवा म्हणावं, पायलट आता आम्हीच आहोत.